फळ्यावरची मोटार आणि विहिरीवरची मोटार

(दुधनी, ता. अक्कलकोट येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण तुरीच्या भावावर बोलणार नाही. ज्वारीच्या नाही आणि कापसाच्याही नाही. आजचा विषय शाळा. विषयपत्रिका पाहून काही जण म्हणाले, "शाळा हे मास्तरांचं काम, आपल्या बैठकीत ते कशाला?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी आमच्या गावात घडलेली एक गोष्ट सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याची मोटार जळाली. विहीर हायस्कूलपासून दोनशे पावलांवर. मोटार वर काढली, जीपमध्ये घातली आणि भरायला सोलापूरला पाठवली. दुकानदार म्हणाला, नंबर लागेल तेव्हा. आठ दिवस बायाबापड्यांनी डोक्यावरून पाणी आणले. गावात पदवीधर किती आहेत ते आम्ही पारावर बसून मोजले. चौदा भरले. त्यातल्या एकालाही मोटारीचे झाकण उघडून आत काय जळाले ते सांगता आले नाही.

माझा नातू दहावीला होता. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत मोटारीचा धडा आहे. त्याने मला वहीत आकृती काढून दाखवली. चुंबक, गुंडाळी, दिशा दाखवणारे बाण, सगळे बरोबर. डाव्या हाताची तीन बोटे ताठ करून नियमही म्हणून दाखवला. मी विचारले, "मग विहिरीवरची मोटार का जळाली?" तो म्हणाला, "आजोबा, ते पुस्तकात नाही. आणि मोटार उघडून आम्हाला कुणी दाखवलेली नाही."

पोराचा दोष नाही. मास्तरांचाही पुरता नाही, त्यांच्या मास्तरांनीही त्यांना मोटार फळ्यावरच दाखवली होती. फळ्यावरची मोटार आणि विहिरीवरची मोटार यांच्यामध्ये दोनशे पावलांचे अंतर आहे आणि आपली शाळा ते अंतर चालून जात नाही. आजचा सगळा विषय एवढाच आहे.

हे मागणे जुने आहे

कुणाला वाटेल, 'स्किल' नावाचा नवा शब्द निघाला म्हणून हे लोक शाळेत हुन्नर शिकवा म्हणू लागले. तसे नाही. हे मागणे शेतकऱ्याच्या बाजूने पहिल्यांदा मांडले ते जोतीराव फुल्यांनी, १८८२ साली, हंटर आयोगापुढे. त्या काळी जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल होत असे आणि त्यातला हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. जोतीरावांचे म्हणणे असे की, पैसा कुणब्याच्या घामाचा आणि शिक्षण मात्र वरच्या थरातल्या मूठभरांचे, हा कुठला न्याय?

ते एवढ्यावर थांबले नाहीत. गावच्या शाळेत काय शिकवावे हेही त्यांनी सांगितले. मोडी आणि बालबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. शाळेला जोडून नमुन्याची छोटी शेती असावी म्हणजे पोरांना प्रत्यक्ष करून दाखवता येईल. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, ज्याला वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचे हत्यार हाती घ्यायची लाज वाटणार नाही. याला आता एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. आपल्या गावच्या शाळेत जाऊन पाहा, यातले काय काय सापडते.

त्यानंतर १९३७ साली गांधीजींनी वर्ध्याला परिषद भरवून 'नई तालीम' मांडली. हाताच्या कामातून शिक्षण, हा तिचा गाभा. माझ्या वयाच्या माणसांना शाळेतली टकळी आठवत असेल. कापूस पिकवणाऱ्याच्या पोराला सूत काढायला शिकवणे यात चूक काही नव्हते. पण चालले कसे? ते सूत कुणाला नको होते. मास्तरांना त्यात रस नव्हता. त्याचे मार्क परीक्षेत धरले जात नव्हते. तास संपला की टकळ्या पेटीत आणि पेटीला कुलूप. ज्या कामाची गावाला गरज नाही आणि ज्याला परीक्षेत मोल नाही, ते काम शाळेत टिकत नाही. हा धडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

मग सरकारी कागद आले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सांगितला. आपल्याकडे त्याचे शिल्लक काय राहिले, तर पुठ्ठ्याची घरे आणि कागदाची फुले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिले होते की, १९९५ पर्यंत उच्च माध्यमिकची चौथाई मुले व्यावसायिक शिक्षणाकडे वळतील. ती वळली नाहीत. २०२० च्या धोरणात लिहिले गेले की, २०२५ पर्यंत निदान निम्म्या मुलांना शाळा-कॉलेजात एखाद्या व्यवसायाची ओळख झालेली असेल. त्या निम्म्यांत आपल्या गावची मुले किती, हे तुमचे तुम्ही मोजा.

पाबळला काय केले

आता कुणी म्हणेल, कागदावर सगळेच गोड असते, प्रत्यक्षात कुठे झाले ते दाखवा. तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. आपल्यासारखेच कोरडवाहू, अवर्षणाचे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकून आलेले शास्त्रज्ञ मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या जागेवर होते. ती नोकरी सोडून ते पाबळला आले आणि १९८३ साली त्यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेली पोरे त्यांनी घेतली. नापास म्हणून ज्यांना घरी बसवले होते, त्यांच्या हातात वेल्डिंगचा दांडा, करवत आणि पाण्याची पातळी तपासायची नळी दिली.

शेजारच्या हायस्कूलसाठी त्यांनी एक विषय बांधला. 'मूलभूत तंत्रज्ञान' असे त्याचे नाव. आठवी, नववी, दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वही मिटून काम करायचे. त्याचे चार भाग. पहिला बांधकाम, लोहारकाम, सुतारकाम. दुसरा वीज, ऊर्जा आणि पर्यावरण. तिसरा शेती आणि जनावरे. चौथा घर आणि आरोग्य. चारही भाग मुलांना आणि मुलींना सारखेच. मुलीने शिवण शिकायचे आणि मुलाने वेल्डिंग, अशी वाटणी नाही. माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला, म्हणजे त्याचे मार्क दहावीला धरले जाऊ लागले. पुढे तो राज्यातल्या इतरही शाळांत गेला.

यात मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, शिकवणारा माणूस बाहेरून आणला नाही. गावातला किंवा जवळपासचा कारागीर, ज्याच्या हातात कला आहे, तो शाळेत आला. दोन, पोरांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे होते. गेट, जाळी, वायरिंग, शोषखड्डा, माती तपासणी. गावाने त्याचे पैसे दिले आणि त्यातून सामान आले. तीन, काम करता करता विज्ञान शिकवले. वेल्डिंग करताना विद्युतप्रवाह, कोंबड्यांना खाद्य देताना शेकडेवारी, छप्पर उभारताना भूमिती.

याच पाबळात, अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रशिक्षण संस्थेच्या मदतीने, २००२ साली फॅब लॅब उभी राहिली, म्हणजे संगणकावर आकृती काढून यंत्राने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. नवे तंत्रज्ञान गावाला झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा पाबळला जाऊन यावे. कलबाग सर २००३ साली गेले, पण काम चालू राहिले.

टकळी पेटीत गेली आणि पाबळचा विषय टिकला, याचे कारण आता तुमच्या ध्यानात आले असेल. काम गावाला हवे होते आणि मार्क परीक्षेला धरले होते.

"म्हणजे पोराने पुन्हा नांगरच धरायचा का?"

हा प्रश्न मला मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारला. त्या म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर-कलेक्टरच्या पोरांना इंग्रजी आणि गणित, आणि आमच्या पोरांना पान्हा आणि पकड. हा डाव आम्हाला कळतो." ताईंची शंका खरी आहे आणि तिला आधारही आहे.

१९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी एक योजना आणली. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ घरच्यांचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या पोराने चाक फिरवायचे, परटाच्या पोराने कपडे धुवायचे. पेरियार आणि इतरांनी त्यावर रान उठवले, कारण ज्या जातीत जन्मला त्याच धंद्यात पोराला जन्मभर बांधून ठेवायची ती सोय होती. १९५४ साली राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली. गुंडाळली गेली ते बरेच झाले.

म्हणून आपले मागणे नीट समजून घ्या. गणित कमी करा आणि पान्हा द्या, असे आपण म्हणत नाही. इंग्रजी काढा आणि खुरपे द्या, असेही म्हणत नाही. आपण म्हणतो, गणितही द्या आणि ते लावायला हातात कामही द्या. बापाचा धंदा पोराला शिकवायला शाळा नको, बाप समर्थ आहे. बापाला जे येत नाही ते शाळेने शिकवावे. आणि हे शिक्षण फक्त खेड्यातल्या शाळेला लावू नका. सोलापूर-पुण्याच्या शाळांतली पोरेही आठवड्यातून एक दिवस हात काळे करू देत. ज्या दिवशी साहेबाचे पोर आणि सालगड्याचे पोर एकाच मोटारीचे झाकण उघडतील, त्या दिवशी ताईंची शंका फिटेल.

शिकवायचे काय?

आपल्या कामातलीच उदाहरणे घेतो. कापसाचे घ्या. ५ क्विंटल कापूस जिनिंगला गेला. रुईचा उतारा ३४ टक्के धरला तर १७० किलो रुई निघते, म्हणजे बरोबर एक गाठ. सरकी धरा ३२० किलो आणि १० किलो घट. रुईचा भाव काय, सरकीचा काय आणि तुम्हाला कापसाचा काय मिळाला? सातवीच्या पोराचे शेकडेवारीचे गणित आहे हे. पण पुस्तकातला व्यापारी नेहमी आंबे नाहीतर पेन विकतो आणि पोराला कधी कळत नाही की हे गणित बापाच्या घामाचे आहे. ओलाव्याचे तसेच. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, त्याच्या पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर असेल तर माल परत. ओलावा मोजायचे यंत्र कसे चालते हे ज्या पोराला ठाऊक आहे, ते गाडीजवळ उभे राहिले तर आकडा नीट वाचला जातो.

पावसाचे घ्या. एक एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? जवळजवळ एक लाख लिटर. हा हिशेब शाळेच्या छपरावर केला तर टाकी केवढी हवी ते कळते, रानात केला तर शेततळे केवढे हवे ते कळते. ज्याला पावसावर ज्वारी काढायची आहे त्याला हे गणित येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

मोबाइलचे घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची. किती जणांनी ती स्वतः केली? बहुतेकांनी दुसऱ्याच्या हातात फोन दिला आणि तो कुठे बोट लावतो ते पाहत उभे राहिले. त्याने तुरीच्या जागी दुसरे काही भरले तर विम्याच्या आणि हमीभावाच्या खरेदीच्या वेळी फिरायचे तुम्ही. घरात आठवी शिकलेले पोर असून ही गत असेल तर त्या आठवीचा उपयोग काय? आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मोबाइल शाळेत कसा कामाला लावावा, हे जगाला दाखवणारी शाळा आपल्या जिल्ह्यातली आहे.

आणि या सीमेवरच्या गावांची आणखी एक गोष्ट. इथल्या अनेक घरांत कन्नड बोलतात, बाजारात मराठी चालते आणि मोटारीवरची पाटी इंग्रजीत असते. एक मोटार उघडली तर पोराला तिन्ही भाषांतले शब्द एका दिवसात कळतील. इंग्रजीला घाबरणाऱ्या पोराला पाटीवरचे व्होल्ट, अँपिअर, हॉर्सपॉवर वाचता आले तर त्याची भीती निम्मी जाते.

भाव नसेल तर?

शेवटचा आक्षेप सर्वांत मोठा आहे. शेतीमालाला भाव नसेल तर पोराला कितीही हुन्नर आले तरी शेती तोट्यातच राहणार. हे शंभर टक्के खरे आहे. शाळा सुधारली म्हणून भावाचा प्रश्न सुटत नाही आणि जो तसे सांगेल तो तुम्हाला फसवतो आहे. भावाचा लढा भावाच्याच जागी लढावा लागेल.

पण डेन्मार्क या लहान देशाची गोष्ट ऐका. १८७० नंतर अमेरिकेचा आणि रशियाचा स्वस्त गहू युरोपात उतरला आणि तिथल्या शेतकऱ्याचे धान्य मातीमोल झाले. तो रडत बसला नाही. धान्य विकायचे सोडून त्याने दूध, लोणी आणि डुकरांचे मांस धरले. १८८२ साली, म्हणजे ज्या साली जोतीराव हंटर आयोगापुढे मागणे मांडत होते त्याच साली, तिथल्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. हे त्यांना जमले, कारण तिथे १८४४ पासून खेड्यातल्या तरुणांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या. त्या शाळांतून आणि शेतकी शाळांतून शिकलेल्या पोरांना यंत्र कळत होते, हिशेब कळत होता आणि चारचौघांत उभे राहून बोलता येत होते. शिक्षणाने त्यांना भाव दिला नाही. भाव कोसळला तेव्हा वाट बदलायचे बळ दिले.

आपल्या पोराने गावात राहावे की पुण्याला जावे, ते त्याचे त्याने ठरवावे. पण पुण्याला गेला तर नुसता दारावरचा रखवालदार म्हणून जाऊ नये आणि गावात राहिला तर दुसरे काही जमले नाही म्हणून राहू नये.

आता करायचे काय

२०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले होते. सकाळी पिवळी गाडी येते आणि आपणच पोरांना तिच्यात बसवून इंग्रजी शाळेत धाडतो. पट घटतो, मग शाळेवर संकट येते. गावच्या शाळेचा गावाला उपयोग दिसला तरच ती टिकेल. म्हणून हे काम उद्यावर टाकू नका.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया हव्यात. शाळेचा विकास आराखडा त्या समितीने करायचा असतो. म्हणजे चावी आपल्या हातात आहे. आपण मात्र समितीच्या सभेला जात नाही, वही घरी आली की सही करतो.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येक गावाने तीन कामे करून यावीत. पहिले, व्यवस्थापन समितीची सभा खरोखर भरवा आणि आराखडा वाचून दाखवायला सांगा. दुसरे, २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, गावच्या कारागिरांकडे शिकण्यासाठी सांगितलेले आहेत. ते दहा दिवस मुख्याध्यापकांकडे लेखी मागा. मास्तर आपले वैरी नाहीत, त्यांच्यावर आधीच माहिती भरण्याचे ओझे आहे, म्हणून मागताना मदतीचा हातही पुढे करा. तिसरे, गावातला मोटार भरणारा, गवंडी, जनावरांवर उपचार करणारा, ठिबक जोडणारा, जो कोणी जाणकार असेल त्याला त्या दिवसांसाठी शाळेत न्या आणि त्याची रोजी बुडणार असेल ती गावाने वर्गणी करून द्या.

आमच्या गावाने सुरुवात केली आहे. ती जळालेली मोटार भरून आली, पण तिच्याबरोबरची दुसरी एक जुनी मोटार भंगारात पडली होती. तिला कुणी दोनशे रुपये द्यायला तयार नव्हते. ती आम्ही शाळेला दिली. एका शनिवारी शेजारच्या गावचा वायरमन आला आणि त्याने ती पोरांपुढे उघडली. काळी पडलेली गुंडाळी पाहून माझा नातू म्हणाला, "आजोबा, पुस्तकात हिला लाल रंग दिलाय." पोरे हसली. मग वायरमनने विचारले, "ही काळी का पडली, कोण सांगेल?" अर्धा तास पोरे वाद घालत होती. व्होल्टेज कमी, बेअरिंग जाम, एक फेज गेलेला. मास्तरही त्या वादात पडले.

पावले दोनशेच आहेत. चालायला आपण सुरुवात करू.